दुसऱ्यांदा विचारणं

माझी लेक धनश्री जर्मनीला गेली त्या दिवसापासून मी माझा फोन स्टीलच्या डब्यांच्या चळतीवर, सगळ्यांत वरच्या डब्यावर ठेवायला लागले. आमच्या मानवतच्या भांड्यांच्या दुकानात रेंज तिथंच चांगली येते असं माझं मत आहे. आमचे हे, म्हणजे सोमेश्वर, म्हणतात की रेंज सगळ्या दुकानात सारखीच आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. असतील. पण लगीनसराईचे दिवस, गिऱ्हाइकांचा गोंगाट, त्यात फोन वाजला आणि ऐकूच आला नाही तर? म्हणून तो वर, डोळ्यांसमोर.

काळजी करण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. पोरगी परभणीहून शाळेच्या बसनं येते. बस जरा लांबली की मी दुकानाच्या पायरीवर. तेवढं अंतर मला जड जातं, तिथं जर्मनीचं काय सांगावं! तिच्या शाळेत जर्मन शिकवतात. रेणुका मॅडम ती भाषा पुण्यात शिकून आल्या आणि इथल्या पोरांना शिकवता शिकवता त्यांनी ही सहल काढली. सहल म्हणजे मजा नाही. महिनाभर तिथल्या एकेका कुटुंबात एकेका पोरानं राहायचं, सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी कुठंतरी काम करून बघायचं. कुणाला बेकरी मिळाली, कुणाला ग्रंथालय. आमच्या बाईसाहेबांनी वृद्धाश्रम मागून घेतला.

का घेतला ते मला माहीत होतं. माझे सासरे सांबप्पा गेल्या वर्षी गेले, लिंगैक्य झाले. शेवटचे काही महिने ते अन्नाला तोंड लावायचे नाहीत. मी ताट नेलं की मान फिरवायचे, माझ्या सासूबाईंनी नेलं की रागावायचे. धनश्री मात्र दुधात भाकरी कुस्करून घ्यायची, पलंगावर मांडी घालून बसायची, आणि ते नको म्हणाले की म्हणायची, "एकच घास आप्पा, माझ्यासाठी." ते पुन्हा नको म्हणायचे. ही पुन्हा म्हणायची. वाटी रिकामी व्हायची. त्या पोरीनं आजोबांना जगवलं, असं सासूबाई अजून येईल त्याला सांगतात.

जाण्याआधी शाळेत पालकांची सभा झाली. मॅडमनी तिथलं हवामान सांगितलं, पासपोर्ट कसा सांभाळायचा ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या की ज्या घरात मूल राहील तिथून किंवा कामाच्या ठिकाणाहून तक्रार आली तर पहिल्यांदा समज देतात, दुसऱ्यांदा आली तर मुलाला परत पाठवतात. बाकीचे पालक थंडीच्या कपड्यांचं विचारत होते. माझ्या कानात हे एवढंच राहिलं. घरी येईपर्यंत मी ह्यांना दहा वेळा विचारलं, "दोन तक्रारी म्हणजे काय हो? ताट धुतलं नाही ही तक्रार का?" हे म्हणाले, "तू आत्तापासनंच पोरीला परत आणायलीस."

वर गावानं उत्साह दाखवलेला. समाजाच्या मंडळानं शाल घातली, नारळ दिला. चौकात फलक लागला आणि त्यावर धनश्रीचा चेहरा आमच्या दुकानाच्या पाटीपेक्षा मोठा. अर्ध्यातून परत आली तर त्या चौकातून ती शाळेला कशी जाईल, हा विचार मी फलक लागला त्याच दिवशी करून ठेवला होता.

निघताना मी तिला जे शिकवायचं ते शिकवलं. "लोकाच्या घरी जायलीस. समोर आलं की लगेच हात घालू नको. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. पुन्हा विचारतेत, तवाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा लयच आग्रह केला की जरासं द्या म्हणायचं." यात मी नवीन काय सांगितलं? आमच्याकडं पोर बोलायला लागलं की पहिल्यांदा हे शिकतं. पंगतीत कुणी पहिल्या हाकेला ताट पुढं केलं तर पुढची दोन वर्षं त्याच्यावर हसतात. वाढणारा तर नको म्हणणाऱ्याच्याच ताटात दोन पोळ्या जास्त टाकतो. दुकानातही तेच. बाई घागर बघते, नको म्हणते, पायरी उतरते, मी हाक मारते, ती येते. मी हाक मारली नाही तर तिला अपमान वाटेल.

पहिले काही दिवस रोज फोन यायचा. तिकडं सकाळ असायची, इकडं दुपार. यजमानीणबाईंचं नाव हाइके. नवरा नाही, मुलं मोठी होऊन दूर गेलेली, घरामागं बाग, बँकेत नोकरी. धनश्री फोन फिरवून मला तिची खोली, खिडकी, बागेतलं सफरचंदाचं झाड दाखवायची. मला झाड बघायचं नव्हतं. मला तिचा चेहरा बघायचा होता, आणि तो ती लवकर लवकर बाजूला करायची.

"जेवलीस का?"

"जेवले मम्मी."

"काय जेवलीस?"

"ब्रेड होता."

"हाय का बाई, अन् भाजी?"

"होती की. तू नको फिकीर करू."

एक दिवस ती बोलता बोलता सहज म्हणाली, "मम्मी, चिवडा संपला." मी तिला महिनाभराचा चिवडा दिला होता, डबा दाबून दाबून भरला होता. विमानात बॅगेचं वजन जास्त होतंय म्हणून ह्यांनी तिचा एक स्वेटर काढला, पण मी चिवडा काढू दिला नव्हता. तो आठवड्यात संपला? मी फोन डोळ्यांजवळ नेला. पोरीच्या गळ्याची हाडं दिसत होती. ओठ सुकलेले. माझ्या हातातून गिऱ्हाइकाचं तबक खाली पडलं आणि सगळं दुकान वळून बघायला लागलं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मला सरळ वाटलं की ती बाई माझ्या लेकराला उपाशी ठेवते.

दुसऱ्या दिवशी, दुकानात एका नवरीच्या आंदणाची भांडी निवडणं चालू असताना पोरांबरोबर गेलेल्या रेणुका मॅडमचा तिकडून फोन आला. "वैजयंतीताई, घाबरू नका," असं त्या म्हणाल्या, आणि मी खाली बसले. हाइकेबाईंनी कळवलं होतं की मुलगी जेवत नाही. मी रोज प्रेमानं विचारते, रोज ती नको म्हणते. तिला माझं घर आवडलेलं नाही, माझ्या हातचं आवडलेलं नाही, तिला दुसऱ्या घरी न्या, मला वाईट वाटतं. मॅडम म्हणाल्या की हे तक्रार म्हणूनच धरलं जाईल.

"नको म्हणते, अन् मग?" मी विचारलं.

"मग काय, त्या भांडं उचलून ठेवतात."

"पुन्हा विचारत नाहीत?"

"नाही ताई. इथं नाही विचारत. नको म्हणलं म्हणजे नको."

असे कसे लोक? जेवायला बसलेल्या पोरीला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे मला कुणी शपथ घेऊन सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. माझी पोर रोज त्या टेबलावर बसून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती, आणि ती बाई समोर बसून हिला आपलं आवडत नाही म्हणून झुरत होती. दोघी उपाशीच की!

त्याच संध्याकाळी मी फोन लावला. दुकानातली एक थाळी घेतली, एक डाव घेतला, आणि पोरीला म्हणाले, "बस समोर. मी हाइकेबाई. भात वाढू का?"

"नको," धनश्री म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"पुन्हा. भात वाढू का?"

"नको... अगं मम्मी, येतच न्हाई तोंडात."

माझ्या सासूबाई, नागुबाई, कपाळावरचा विभूतीचा पट्टा पुसू न देता पदर सावरत माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "पहिल्या बोलीला हो म्हणावं? हावरट म्हणतेल की पोरीला. म्हणतेल, मानवतच्या लोकायनं उपाशी ठेवलं व्हतं."

"आई, आत्ता ती उपाशीच हाय," मी म्हणाले. मी सासूबाईंना असं उलटून सहसा बोलत नाही.

पुन्हा डाव उचलला. पुन्हा विचारलं. पोरगी लाल झाली, खाली बघितलं, आणि चोरी कबूल करावी तसं पुटपुटली, "हो. वाढा." मला हसूही येईना आणि रडूही येईना. एवढी गुणाची पोर, आणि मी तिला हावरटपणा शिकवत बसले होते. पण दुसऱ्या दिवशी तिनं बटाटे खाल्ले, सूप खाल्लं, आणि हाइकेबाईंनी तिला केक करून घातला. मॅडमचा निरोप आला की घर बदलायचं नाही, सगळं ठीक आहे. चार-पाच दिवसांत पोरीचे गाल भरले. मी कितीतरी दिवसांनी नीट जेवले.

पण एक तक्रार झाली होती. आता एकच उरली होती. फोन डब्यावर होताच.

तो वाजला तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. धनश्रीच होती, आणि वेळ तिच्या कामाची होती. त्या वेळी ती कधी फोन करत नाही. मी "काय झालं" विचारायच्या आधीच तिचा हुंदका ऐकू आला. मी फोन घेऊन मागच्या गोदामात गेले, हे गल्ला सोडून माझ्या मागं आले.

वृद्धाश्रमात तिचं काम एवढंच होतं की जेवणाची ताटं नेऊन ठेवायची आणि रिकामी उचलायची. तिथं क्राउझे नावाचे एक आजोबा होते. दोन दिवस ते ताट परत पाठवत होते. आजही त्यांनी सूप सरकवलं आणि नको म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. धनश्रीनं खुर्ची ओढली, ब्रेड कुस्करून सुपात भिजवला आणि चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला. ते नको म्हणाले. ही हसली, एकच घास म्हणाली. ते पुन्हा नको म्हणाले. तिनं घास तोंडात घातला. दुसराही घातला. तिसऱ्याला त्यांना ठसका लागला, श्वास अडकला, चेहरा निळा पडला. तिनं आरडाओरडा केला, नर्स धावत आल्या, त्यांनी घशातलं काढलं आणि आजोबांना दवाखान्यात नेलं. त्यांना गिळायचा त्रास होता. त्यांना फक्त गाळलेलं पातळ द्यायचं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण भरवणं तिचं कामच नव्हतं.

"ते तीनदा नको म्हणले मम्मी," ती म्हणत होती. "तीनदा म्हणले. मी ऐकलंच न्हाई. मला वाटलं, आप्पासारखं करायलेत. मला वाटलं, कुणीतरी पुन्हा म्हणावं म्हणून..."

ह्यांनी फोन घेतला आणि विचारलं, "आजोबा जिवंत हायेत का?" ती म्हणाली, दवाखान्यात आहेत, काही कळलेलं नाही.

ती संध्याकाळ कशी गेली ते मला सांगता येणार नाही. ह्यांनी दुकान लवकर बंद केलं. सासूबाईंची सायंपूजा झालेली होती, तरी त्या पुन्हा अंघोळ करून डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसल्या. कुणासाठी मागत होत्या मला माहीत आहे. त्या परक्या म्हाताऱ्यासाठीच मागत होत्या, कारण तो वाचला तर आमची पोर वाचणार होती. मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. मला सगळ्यांचा राग येत होता. त्या नर्सांचा, ज्यांनी पोरीला काही सांगितलं नाही. त्या गावाचा, जिथं म्हातारं माणूस ताट सरकवतं आणि कुणी विचारत नाही. रेणुका मॅडमचा. आणि माझा सगळ्यांत जास्त. थाळी आणि डाव घेऊन मी तिला हो म्हणायला शिकवलं होतं. तिथं दुसऱ्याचं नको मुकाट ऐकायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं.

आणि त्या सगळ्या रागाखाली एकच होतं: पोर परत यावी. कशीही यावी. चौकातला फलक गेला खड्ड्यात. तिला जवळ घेऊन झोपायचं होतं मला. दुसरी तक्रार झाली तर झाली, निदान विमानात तरी बसवतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. ह्यांना मी तसं बोलूनही दाखवलं. हे नुसते फोनकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. हाइकेबाईंच्या स्वयंपाकघरात त्या बसल्या होत्या, शेजारी धनश्री. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. आम्ही तिघं दुकानातल्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो, शटर अर्धं ओढून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, आजोबा बरे आहेत, सकाळी आश्रमात परत आले. माझ्या सासूबाईंनी हात जोडले. मग मॅडम म्हणाल्या की आश्रमानं तक्रार केलेली नाही. नवख्या मुलीला एकटीला त्या खोलीत पाठवायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. आता तिला जेवणाच्या खोलीत जाता येणार नाही. उरलेले दिवस धुलाईच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायच्या. पण मुलगी लहान आहे, हादरलेली आहे. तिला किंवा तुम्हाला वाटत असेल तर तिकीट बदलता येतं, कुणी काही म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत सांगा.

कुणी काही म्हणणार नाही! माझ्या छातीवरचा दगडच उतरला. मी फोन ह्यांच्या हातातून घेतला.

"बाळा," मी म्हणाले, "येतीस का घरी?"

धनश्रीनं खाली बघितलं. टेबलावरचा कपडा बोटानं ओढला.

"नको," ती म्हणाली.

एवढंच. आवाज बारीक, मान खाली. दुसरी पोळी हवी असताना ती तीन वर्षांची असल्यापासून जशी नको म्हणते, अगदी तसंच. सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला.

"पुन्हा इचार की," त्या हळूच म्हणाल्या.

पुन्हा विचारलं की काय होईल ते मला माहीत होतं. तिला मी जन्म दिलाय. दुसऱ्यांदा विचारलं असतं की तिचा खालचा ओठ थरथरला असता. तिसऱ्यांदा विचारलं असतं की ती बरं म्हणाली असती, आणि परवा-तेरवा माझ्या घरात असती. माझ्या तोंडात शब्द आलेच होते. ये गं, राहू दे ते कपडे, ये. आणि त्याच वेळी तिचं कालचं बोलणं माझ्या कानात होतं. तीनदा म्हणले, मी ऐकलंच न्हाई.

ती खरंच नको म्हणत होती का, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

"बरं," मी म्हणाले. "मग घड्या नीट घाल. कडेला कड लावून."

धनश्रीनं मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, कारण ते उघडले असते तर मी विचारलंच असतं.

"ठेवू का मम्मी?" तिनं विचारलं.

"ठेव," मी म्हणाले.

सासूबाई उठून आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांनी शटर वर केलं. बाहेर आंदणाची भांडी न्यायला नवरीकडची माणसं येऊन थांबली होती.